आठवी पट्टी वाजली नाही

मध्य इटलीतल्या एका गावचं चर्च. घुमट विटांचा, छोटासाच, आणि तक्रार एवढीच की आतल्या चित्रांना तडे गेलेत.

परांचीवरून पाहिलं तर तडे उभे होते. तळाशी बोट जाईल एवढे, वर जाता जाता केसाएवढे. घुमटाचा माथा दाबलेला असतो, पण खालचा भाग बाहेर पसरू पाहतो. वीट-चुन्याला ताण झेपत नाही, मग त्या सोललेल्या संत्र्यासारख्या फोडी सुटायला लागतात. म्हणून भोवती लोखंडी कडं. आजोळी लोहार गाडीच्या चाकावर लालभडक धाव चढवून पाणी ओतायचा, ती आवळून बसायची. काम तेच. इथे मात्र कड्याच्या पट्ट्यांच्या टोकांच्या डोळ्यांत, म्हणजे भोकांत, पाचर ठोकून आवळतात.

आमच्या अष्टकोनी बैठकीभोवती आठ पट्ट्या होत्या, चुन्याचे हात बसून बसून पांढऱ्या पडलेल्या. जुन्या दुरुस्तीच्या अहवालात लिहिलेलं, 'कडं शाबूत.' आमच्या बाईंनी हातोडी माझ्या हातात दिली. "वाजव."

पहिल्या सहा खणखणल्या. सातवी जरा बसक्या आवाजात. आठवी थप्प. बाजारात आजी माठ वाजवून परत ठेवायची, तो आवाज.

चुना खरवडला तर पाचर गंजून तुटलेली, आणि दोन डोळ्यांमध्ये माझी करंगळी शिरली. खरा धक्का त्यानंतर बसला. पाचरेच्या तुटलेल्या तोंडावरही चुना होता. म्हणजे शेवटचा हात मारणाऱ्याचा कुंचला या फटीत शिरला होता, आणि तो पुढे गेला.

अर्थात असं होणारे आपण पहिले नाही. रोमच्या सेंट पीटर्सचा घुमट १५९० मध्ये बांधून झाला, तेव्हाच त्यात दोन कडी होती. तडे वाढले तसे १७४२ मध्ये पोपने तीन गणितज्ञांना विचारलं, पुढच्या वर्षी पादुआचा प्राध्यापक जिओव्हानी पोलेनीला. त्यानंतर पाच नवी कडी घातली. मग जुन्यांपैकी एक तुटलेलं सापडलं आणि १७४८ मध्ये सहावं चढलं.

खाली फादर वाट पाहत होते. "कडं तुटलंय, तर घुमट उभा कसा?"

बाईंनी त्यांचीच जपमाळ मागून घेतली, दोन बोटांवर लोंबकळती धरली. पोलेनीने ३२ वजनांची साखळी अशीच टांगली होती. ती झोळ उलटी केली की दाबाची रेघ मिळते, म्हणजे भार ज्या वाटेने खाली उतरतो ती. ती भिंतीच्या जाडीत राहिली तर तडे जाऊनही घुमट पडत नाही. "पण भिंत आणखी सरकली, तर रेघ बाहेर जाईल," म्हणत त्यांनी माळ परत केली.

पाचरा नव्याने घडवायला दिल्या. त्या लगेच ठोकायच्या नव्हत्या. ऊन-थंडीत तडे किती उघडतात-मिटतात ते आधी पाहायचं होतं. तड्यांवर मापपट्ट्या डकवल्या, तारीख लिहिली आणि उतरलो.