पंधरा दिवस

डॉक्टरांनी आज कागदावरचे 'पंधरा दिवस' खोडून वर '४ महिने' लिहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून ती खोडलेली ओळच डोळ्यांसमोर येतेय.

गाठ कधी लक्षात आली, असं पहिल्या भेटीत विचारलं होतं. मी म्हणालो, झाले पंधरा दिवस. चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना उजव्या वृषणात हाताला लागली होती. वाटाण्याएवढी, टणक. दुखली असती तर लगेच गेलो असतो, असं मनाला सांगत आलो. ही गाठ बहुतेकांची दुखतच नाही. थोडं जड वाटतं, एवढंच.

पण पंधराच का म्हणालो? चार महिने म्हटलं की 'मग इतके दिवस काय केलंत?' हे आलंच. गुडघ्यावर गाठ आली असती तर त्याच रात्री दादाला दाखवली असती. इथे वृषण हा शब्दच तोंडातून निघत नाही. आमच्या घरात 'तिकडे' म्हणतात. आणि कॅन्सर म्हातारपणी होतो, अशी माझी समजूत. वृषणाचा नेमका पंधरा ते चाळीस वयातल्यांना जास्त होतो.

सोनोग्राफीत गाठ वृषणाच्या आतच दिसली. रक्तात एएफपी नावाचं प्रथिन वाढलेलं, म्हणजे निव्वळ सेमिनोमा प्रकारचा कॅन्सर नाही. सुईने तुकडा काढून बघा ना, असं मी अक्षरशः विनवलं. इथे तसं करत नाहीत; पेशी भलत्या वाटेने पसरण्याचा धोका असतो. जांघेत छेद घेऊन अख्खं वृषण काढायचं, मग ते तपासून गाठीचं नाव कळणार. आधी गमवायचं, मग कळायचं. रात्रभर हेच घोकत रडलो. लहानपणी ते वृषण खाली उतरलं नव्हतं म्हणून ऑपरेशन झालं होतं. अशांना धोका जास्त असतो म्हणे. आईला हे… नाहीच सांगणार.

आज मात्र खरं बोललो. डॉक्टरांनी खोडलं, लिहिलं आणि सरळ सीटी स्कॅन लावला. पोटात पाठीच्या बाजूला एक लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, मोठी आहे. इतक्या वर कशी? तर गर्भात वृषणं मूत्रपिंडांजवळ तयार होऊन खाली येतात, त्यांच्या लसिकावाहिन्या अजून तिकडेच जातात. ऑपरेशननंतर केमो लागेल असं दिसतंय: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन, २१ दिवसांची एक फेरी, अशा तीन किंवा चार. १९७४ मध्ये आइनहॉर्न नावाच्या डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन मिसळून औषधं द्यायला सुरुवात केली. त्याआधी पसरलेल्या आजारातून फार थोडे वाचायचे; आता बहुतेक बरे होतात. हे आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, बहुधा माझा चेहरा बघून. एका वृषणावर हार्मोन्सचं काम भागतं. वीर्य साठवून झालंय. त्या दिवशी माझी जोडीदार बाहेर बाकावर बसली होती. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

गेलेले महिने परत मिळत नाहीत. ते कागदावर आले, हेच बरं झालं. आज जेवण गेलं, झोपही येईल असं वाटतंय.

दादाला मात्र अजून पंधरा दिवसच माहीत आहेत. उद्या ऑपरेशनला तोच सोबत येतोय. गाडीत सांगेन.