गोम कुठे होती: ब्राउझरमध्ये डेजाव्हू उघडण्याची खटपट

शनिवार, रात्र

अखेर घेतलंच करायला. जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, आणि डेजाव्हूची, म्हणजे स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या एका फाइल-प्रकाराची, पानं ब्राउझरच्या आतच दाखवणारं ते पुराणं प्लगिन. एवढी खाज का, तर माझ्या टिपणांमुळे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचं स्कॅन माझ्याकडे डेजाव्हूमध्ये आहे. टिपणं साध्या एचटीएमएलमध्ये. पूर्वी फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘डेजाव्हूऑप्ट्स’ आणि पानाचा आकडा लिहिला, की दुव्यावर टिचकी मारताच थेट ते पान उघडायचं. शब्दाभोवती रंगीत चौकटही काढता यायची. हे सुख पीडीएफने मला कधी दिलं नाही.

मग एनपीएपीआय प्लगिनांचे, म्हणजे या जुन्या पद्धतीने ब्राउझरला जोडायच्या प्रोग्रॅमांचे, दिवस भरले. लिनक्सवरच्या क्रोमने आवृत्ती ३५पासून, म्हणजे २०१४ मध्ये, दार लावलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि २०२१च्या ८५व्या आवृत्तीत फ्लॅशही गेलं. इंटरनेट आर्काइव्हनेही २०१६ मध्ये नवी डेजाव्हू बनवणं थांबवलं. विकिस्रोतावर मात्र पान बघून मजकूर टंकणाऱ्यांचं अजून या फाइलींशी सख्य आहे.

एनपीएपीआय अजून सांभाळणारा ब्राउझर म्हणजे पेल मून. तो उतरवला. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली प्लगिनची एसओ फाइल घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या मोझिला-प्लगिन्समध्ये टाकली. अबाउट-प्लगिन्सचं पान कोरं. ब्राउझर टर्मिनलमधून सुरू केला तेव्हा उलगडा झाला: ‘राँग ईएलएफ क्लास’. फाइल माझ्या जुन्या ३२ बिटी नेटबुकवरची, ब्राउझर ६४ बिटी. जपून काय ठेवलं होतं, तर दुसऱ्याच कुलपाची किल्ली.

डेजाव्ह्यू४ म्हणजे डेजाव्हू फाइली दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच्या सोर्स कोडमध्ये प्लगिनचा वेगळा फोल्डर असतो, तिथून ६४ बिटी बांधून घेतलं. ब्राउझरची जुनी प्लगिन-नोंद पुसली. यादीत नाव आलं. झोपते.

रविवार

नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. एका ग्रंथालयाच्या साइटवरचा दुवा दाबला, तर फाइल सरळ डाउनलोड. कर्ल या टर्मिनलमधल्या साधनाने नुसते हेडर, म्हणजे सर्व्हर फाइलीआधी पाठवतो ती माहिती, मागवले. कंटेंट-टाइपच्या ओळीत ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’, म्हणजे ‘काहीतरी बाइट्स आहेत, बघा तुमचं तुम्ही’. प्लगिन तर ‘इमेज/व्हीएनडी.डेजाव्हू’ आणि त्याच्या काही जुन्या नावांनाच ओ देतं. इथे प्लगिनशी झटापट करून उपयोग नाही. तीच फाइल स्वतःच्या मशीनवर पायथनच्या छोट्या सर्व्हरवरून दिली, प्रकार बरोबर गेला, आणि डाउनलोडची खिडकी आली नाही.

आला तो राखाडी चौकोन.

हे प्लगिन स्वतः काहीच रंगवत नाही, हे मी विसरले होते. ते नुसतं मध्यस्थ आहे. ते डेजाव्ह्यू हा वेगळा प्रोग्रॅम सुरू करतं, पाइपमधून त्याच्याशी बोलतं, आणि त्याची खिडकी ब्राउझरच्या पानात बसवून घेतं. म्हणजे चौकोन राखाडी असेल तर पहिला प्रश्न: पलीकडे कुणी आहे का? पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमांच्या यादीत, पाहिलं, डेजाव्ह्यूचा पत्ता नाही. टर्मिनलमधून ब्राउझर सुरू केला की प्रोग्रॅम धावतो, मेनूतून केला की नाही. इथे अर्धी सकाळ गेली. डेजाव्ह्यू मी घरच्या बिन फोल्डरात बसवलेला, आणि तो फोल्डर पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या जागांच्या यादीत) घालणारी ओळ बॅशआरसी या फाइलमध्ये. ती फक्त टर्मिनल वाचतं. मेनूला या बिनची खबरच नाही. एनपीएक्स-डेजाव्ह्यू नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यासाठीच असतो. मेनूच्या डेस्कटॉप फाइलमध्ये त्यात पूर्ण पत्ता भरला.

आता प्रोग्रॅम धावतो, चौकोन तरी राखाडीच! दुपारच्या जेवणानंतर लक्षात आलं की मी वेलँडच्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडायच्या नव्या पद्धतीच्या, सेशनमध्ये आहे. एका प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्याच्या पोटात बसवणं हा एक्स११चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, खेळ. वेलँड त्याला मुळातच थारा देत नाही. लॉगआउट केलं, लॉगइनच्या पडद्यावर एक्स११ निवडलं, परत आले. ‘गोम’ शब्दाचं पान समोर. चहा टाकला.

(परीक्षेला ‘गोम’ हाच शब्द मुद्दाम घेतला होता. घरातल्यांना विनोद कळला नाही.)

बुधवार

दोन दिवस वापरून मत बनलं ते असं. चालतंय, पण या वाटेने रोज जाणार नाही. एनपीएपीआय प्लगिन म्हणजे आपल्या सगळ्या अधिकारांनिशी धावणारा परका कोड. त्या ब्राउझरचं नेट मी बंदच ठेवलंय, फक्त घरच्या फाइली.

रोजच्या फायरफॉक्समध्ये डेजाव्हू.जेएसचं एक्स्टेन्शन घातलं. सगळं जावास्क्रिप्टमध्ये, पलीकडे प्रोग्रॅम नाही, खिडकी बसवायची भानगड नाही, वेलँडवरही मुकाट चालतं. इतरांनी पाठवलेली फाइल चाळायला झकास. माझ्या चौकटींच्या दुव्यांसाठी मात्र मला अस्सल डेजाव्ह्यूच हवा.

जाता जाता, स्वतः स्कॅन करून डेजाव्हू बनवणाऱ्यांसाठी. काळ्यापांढऱ्या थराचं जेबी२ कॉम्प्रेशन सुटेसुटे आकार ओळखून सारख्या आकारांची एकच प्रत ठेवतं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे शिरोरेषा अख्खा शब्द ओवून टाकते, त्यामुळे सारखे आकार कमी सापडतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली असते, तिथे जरा बरं. पण सुटा राहतो तो अनुस्वार. म्हणून सीजेबी२ला, म्हणजे हे कॉम्प्रेशन करणाऱ्या प्रोग्रॅमला, बारीक ठिपके झाडायचा ‘क्लीन’ पर्याय मी कमी रिझोल्यूशनच्या स्कॅनवर लावतच नाही. धूळ राहिली तर राहू दे, ‘मंद’चा ‘मद’ नको.

शनिवार

प्लगिनकडून मला हवं होतं काय? टिचकी, आणि नेमकं पान. त्यासाठी पान ब्राउझरच्या आत दिसायलाच हवं असं कुठे आहे?

म्हणून स्वतःची एक यूआरएल स्कीम केली, नाव ‘पोथी’. टिपणातला दुवा ‘एचटीटीपी’ऐवजी ‘पोथी’ने सुरू होतो. एक डेस्कटॉप फाइल, तिच्या माइमटाइपच्या ओळीत ‘एक्स-स्कीम-हँडलर’ आणि पुढे पोथी. कुठला दुवा कशात उघडायचा हे ठरवणाऱ्या एक्सडीजी-माइमला सांगितलं की हे दुवे इकडे पाठव. मागे पंधरा ओळींची शेल स्क्रिप्ट: दुव्यातून फाइल आणि पान वेगळं काढायचं, डेजाव्ह्यूला द्यायचं. छापील पानाचा आकडा आणि फाइलमधला आकडा यांतला फरक स्क्रिप्टमध्येच वळता केलाय. फायरफॉक्स पहिल्यांदा परवानगी विचारतो, ‘नेहमी’वर खूण केली की गप्प.

पहिल्या टिचकीला फाइलच सापडेना. नाव मी देवनागरीत ठेवलेलं, ‘मोल्सवर्थ’. काना-मात्रा-हलन्त धरून नऊ चिन्हं, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीन बाइट, आणि दुव्यात प्रत्येक बाइटचं टक्क्यासकट तीन अक्षरी रूप. माझ्या स्क्रिप्टच्या हाती पडलं ८१ अक्षरांचं टक्केपुराण. उलटं वाचायची एक ओळ घातली.

दुसरी फजिती चौकटीची. गिंपमध्ये मापं घेतली, दुव्यात भरली, आणि चौकट पानाच्या तळाशी कुठल्यातरी भलत्याच शब्दाला. थोडंफार नाही, जवळजवळ पाऊण पान खाली! चित्राच्या प्रोग्रॅमात उंची वरून मोजतात, डेजाव्हूमध्ये शून्य असतं खालच्या डाव्या कोपऱ्यात. पान ३३०० पिक्सेल उंच, शब्दाची वरची कड ४२०वर, चौकटीची उंची ९०, तर लिहायचं ३३०० वजा ४२० वजा ९०, म्हणजे २७९०. हे गणितही स्क्रिप्टकडे सोपवलं.

वेलँडमध्ये परत आलेय. टिचकी मारली की डेजाव्ह्यू स्वतःच्या खिडकीत उघडतो, पान बरोबर, पिवळी चौकट शब्दावर. दर टिचकीला नवी खिडकी उघडते, ते तेवढं खटकतंय. आत्ता मोजल्या, अकरा आहेत.