फुकटच्या डेटाबेसला वाली कोण? – आमची वाटचाल

सांगली-मिरज भागातल्या पतसंस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. पिग्मी, ठेवी, कर्ज, रोजमेळ, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांचा ताळा), सगळं त्यात. ही सगळी माहिती साठवणारा डेटाबेस पहिल्यापासून पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस, फुकट मिळणारा. तेव्हा बोलबाला मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा होता. पण आम्ही सोर्स कोड देत नाही, आणि असं सॉफ्टवेअर त्याच्यासोबत विकायचं म्हटलं की जीपीएल परवान्याच्या अटी (तुमचा सोर्स कोडही खुला करा) नाहीतर विकतचा परवाना आड येतो. पोस्टग्रेसचं तसं नाही. कॉपीराइटची सूचना सोबत ठेवा आणि खुशाल विका.

संचालक मंडळाला परवान्याशी देणंघेणं नव्हतं. "फुकट मिळतंय, मग त्याला वाली कोण?" एका चेअरमनसाहेबांनी विचारलं. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्यानं हे विचारायलाच हवं. बर्कले विद्यापीठात 1986 पासून याचं काम सुरू झालं, हे सांगून झालं. साहेबांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

मग त्यांच्याच सर्व्हरवर, चाचणीच्या डेटावर बचत खात्यांचं व्याज जमा करायला लावलं आणि अर्ध्यात अकाउंटंटना म्हटलं, सर्व्हरची विजेची वायर काढा. त्यांचा हात धजेना. शेवटी काढली. मशीन पुन्हा चालू केलं, तेरीज काढली, जुळली. एकाही खात्यावर अर्धवट व्याज नव्हतं. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार राखतो, अपुरे सोडून देतो. आमचं सगळं व्याज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच व्यवहारात होतं, म्हणून ते आख्खं मागे गेलं. (वेगासाठी काहीजण एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सोय, बंद ठेवतात. पैशांच्या हिशेबात तो खेळ आम्हाला मान्य नाही.) साहेबांनी दोन-चार खाती स्वतः उघडून पाहिली आणि म्हणाले, "परत एकदा करा."

राहिला वालीचा प्रश्न. करारात लिहून दिलं की डेटाबेस बिघडला तरी जबाबदारी आमची, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवणार नाही. ॲडमिनचा पासवर्ड आणि टेबलांची माहिती सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवली. उद्या आमचं दुकान बंद झालं तर पोस्टग्रेस जाणणारा कुणीही ते पाकीट फोडून काम पुढे नेऊ शकेल, नवं लायसन्स घ्यायला नको. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. ती मुदत संपण्याआधी अपग्रेड करून देणं एएमसीतच (वार्षिक देखभाल करारात) धरलंय. वार्षिक ऑडिटच्या आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून अकाउंटंटसमोर तेरीज काढून दाखवतो, तेही त्यातच.