नेटवर्क जाऊन राहिलं

फोनचं नेटवर्क जाऊन राहिलं, एवढं बोलायची देर, नागपुरात जो भेटते तो डॉक्टर. एरोप्लेन मोड चालू-बंद कर, सिम काढून फुंकर मार, कंपनीच बदलून टाक नं बे. यातल्या फुंकरीनं काय साधते मला अजून समजलं नाही, त्यापेक्षा कोरड्या फडक्यानं सिमचा पिवळा भाग पुसला तर काही तरी अर्थ आहे. एरोप्लेन मोडचं मात्र खरं, फोन धरून ठेवलेला टॉवर सोडते अन् नव्यानं शोधाशोध करते, म्हणून घटकाभर दांड्या भरून येतात.

सगळ्यात कामाचा सल्ला म्हणजे आपलं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकून बघणं. तिथंही नेटवर्क गेलं तर फोन निर्दोष, भानगड सिमची नाहीतर टॉवरची. पण घडीभर फोन देईल असा माणूस आजकाल घरात आहे कोण? भाच्याला मागितला तर त्यानं आधी काय काय डिलीट केलं देव जाणे, मग दिला अन् समोरच उभा राहिला.

त्यात आमच्याकडे मे महिना. पारा ४५ च्या आसपास गेला की खिडकीत लोखंडी कूलर बसते, अन् खिडकीतूनच तर सिग्नल आत यायचं, ते पत्र्याला अडते. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिम स्टेटस उघडलं की सिग्नल किती ते डीबीएम नावाच्या मापात दिसते, कूलरच्या खोलीत उणे ११५ अन् गच्चीवर उणे ८८, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. आईनं ते बघितलं अन् म्हणाली, "मायनसमध्ये गेलं म्हणजे रिचार्ज संपला का रे?"

वरून ५जी. भारतात २०२२ च्या ऑक्टोबरात आलं, पण त्याचा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा भिंतींमध्ये लवकर दम सोडते, मग फोन ५जीवरून ४जीवर, पुन्हा ५जीवर अशा येरझारा घालत बसते अन् बोलणं मधेच तुटते. सेटिंगमध्ये ४जीवरच बसवून टाकलं, तेव्हापासून बरंच शांत आहे. भाचा म्हणते, "मामा, एवढा महागाचा फोन घेऊन ४जी?" चालते बे, बर्डीच्या बाजारातून आईचा फोन लागला म्हणजे झालं.

'रिसेट नेटवर्क सेटिंग' मी अजून दाबलेलं नाही. त्यानं वायफायचे पासवर्डही उडतात, अन् वरच्या काकूंकडे पुन्हा पासवर्ड मागायला गेलं की चहा, चिवडा अन् त्यांच्या गुडघ्याचं अख्खं ऑपरेशन ऐकूनच खाली येता येते.