कॉजवेची वही: महिना अकरावा

दमा सांभाळून धावायची ही माझी वही. आकडे आधी. ऑक्टोबरात धावले ११ दिवस, नुसती चालले ९ दिवस, घरी बसले ११ दिवस. सलग सर्वांत लांब धाव १.८ किलोमीटर. सकाळचा पीक फ्लो, म्हणजे मीटरमध्ये जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा, सर्वांत चांगला ३५०, सर्वांत वाईट २१०. प्रेडनिसोलोनची, म्हणजे दमा बिघडल्यावर घ्यायच्या स्टेरॉइडची, एकही गोळी नाही. वेग लिहीत नाही, कारण माझ्या वेगाला धावणं म्हणायचं की नाही यावर आमच्या घरातच एकमत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या शेजारून मी चालत येतो की!" येतात खरे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वय ४४, दमा सातव्या वर्षापासून, गेली ९ वर्षं 'सिव्हिअर'च्या खणात. म्हणजे श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा डोस वरच्या टोकाला, जोडीला आणखी एक औषध, आणि एवढं करूनही अधूनमधून बिघडतंच. लहानपण गोव्यातल्या डिचोलीत गेलं, लोहखनिजाच्या खाणीचे ट्रक दारावरून जायचे त्या काळात. त्याचा नि माझ्या दम्याचा संबंध कुठल्या डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलेला नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण पडदे झाडताना आईचे हात तांबडे व्हायचे ते डोळ्यांसमोर आहे. आता राहते पणजीजवळ रायबंदरला.

धावायची जागा तीच, रायबंदर ते पणजीतलं पाटो. पोर्तुगीजांच्या काळात, व्हाइसरॉय असलेल्या लिन्यारिसच्या काउंटच्या कारकिर्दीत १६३४ च्या सुमारास बांधलेला कॉजवे, म्हणजे पाणथळीतून नेलेला रस्ता. साधारण ३ किलोमीटर, सरळ आणि सपाट. पणजीकडे तोंड केलं की उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला मिठागरं. चढ नाही ही सोय आहेच, पण माझ्या लेखी मोठी सोय वेगळी: कुणी कुठे कचरा पेटवला असेल तर तो धूर लांबूनच दिसतो. सहाच्या आत निघाले तर वाहनं तुरळक असतात. साडेसातनंतर तिथे श्वास घ्यायला मी जात नाही.

एक गोष्ट मात्र डिसेंबरात महाग पडली होती. हिवाळ्यात पहाटेचा वारा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो, आणि आपल्या मानाने तो बराच कोरडा असतो. पणजीकडे जाताना तो पाठीवर असतो, म्हणून कळतच नाही. परत फिरलं की थेट तोंडावर. अर्धी ताकद संपल्यावर कोरडा वारा घ्यायचा, असा उलटा व्यवहार. गेल्या हिवाळ्यात दोनदा फसल्यावर परतीची धाव बंद केली. जाताना धावायचं, येताना तोंडावर ओढणी घेऊन चालायचं. आता नोव्हेंबर लागतोय, ओढणी धुऊन ठेवलीय.

फेब्रुवारीतला चोडणचा प्रसंग मी वहीत तेव्हा एका ओळीत उरकला होता. आज नीट लिहिते, कारण या महिन्यात जे जमलं ते त्याच्यामुळे.

रविवार होता. स्कूटर रायबंदरच्या धक्क्यावर लावली आणि फेरीबोटीने चोडण बेटावर गेले. पलीकडे खारफुटीच्या कडेचा रस्ता, पक्षी अभयारण्याची बाजू, हवा छान. चालत-धावत मिळून ४० मिनिटं झाली, छातीत शिट्टीचा आवाजसुद्धा नाही. परतताना बघते तर फेरीबोट लागलेली आणि शेवटच्या दुचाकी आत शिरतायत. ही चुकली तर पुढची मिळेपर्यंत उन्हात उभं राहायचं, म्हणून शेवटचं अंतर जीव खाऊन पळाले. चढले आणि दोन स्कूटरांच्या मधे तशीच ताठ उभी राहिले. नदीच्या मधोमध ठीक होते. रायबंदरचा धक्का जवळ आला तशा सगळ्यांनी गाड्या चालू केल्या, तो धूर आला आणि छाती दाराची कडी घालावी तशी बंद झाली. पंप कुठे? रायबंदरला, स्कूटरच्या डिकीत. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घरी, कपाटात.

बाजूला मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने माझा हात ओढला. "बाये, सकयल बस." मी मान हलवली, खाली बसवत नव्हतं. तिने पाटी सरकवली, तिच्यावर फळी ठेवली आणि मला टेकवलं, पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर. पाटी उतरायच्या आत तिने मला उतरवलं. डिकीचं कुलूप मला उघडेना, तेही तिनेच उघडलं. पंप हाताला गरम लागला. चार पफ एकेक करून घेतले, चार मिनिटं थांबले, पुन्हा चार. तोवर तिने माझ्याच फोनवरून १०८ लावला होता. गाडी येईपर्यंत बोलता येऊ लागलं होतं, तरी गेले. नेब्युलायझर, मग पाच दिवस प्रेडनिसोलोन. आईने फोनवर पहिलं वाक्य काय म्हणावं? "तुला कुणी पळायला सांगितलं होतं?"

आता यातल्या चुका. पंप डिकीत ठेवला ही तर आहेच. आणि निव्वळ लांब होता म्हणून नव्हे: त्या डब्यात दाबाखाली औषध असतं, गोव्याच्या उन्हात तापलेली डिकी ही त्याची जागाच नाही. पण त्याहून मोठी चूक मला वर्षानुवर्षं कळली नव्हती. मी समजत होते की धावताना दम लागला नाही म्हणजे आजचा दिवस पार पडला.

ते तसं नसतं. जोरात श्वास चालू असताना कितीतरी पट जास्त हवा आत येते. ती ओली आणि कोमट करता करता श्वासनळ्यांचं अस्तर सुकतं. सुकलं की तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन असली द्रव्यं सोडतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. धावणं चालू असताना नळ्या बऱ्यापैकी उघड्या राहतात. थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत आवळणं सर्वांत जास्त होतं, मग तास-दीड तासात बहुतेकांचं सैल पडतं. बहुतेकांचं. आपल्या खणातल्यांनी त्या भरवशावर वाट बघत बसू नये. माझी १५ मिनिटं फेरीबोटीवर होती, आणि मी ती धुरात उभी राहून काढली.

म्हणून आता धाव संपली की वही संपत नाही. हळू चालायचं, मधे मधे कठड्याला टेकून मीटर फुंकायचा. धाव थांबल्यावर ५, १० आणि १५ मिनिटांनी. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून मोठा आकडा लिहायचा. माझा आजवरचा सर्वोत्तम आकडा ३६०. त्याच्या ८० टक्के म्हणजे २८८, तिथे हिरवा पट्टा संपतो. ५० टक्के म्हणजे १८०, त्याच्या खाली लाल. डॉक्टरांशी बोलून मी माझी रेघ जरा वर ओढलीय: सकाळी ३०० च्या वर असेल तर धाव, २५० ते ३०० ला नुसती चाल, खाली असेल तर घर आणि त्यांनी लिहून दिलेला कागद. सर्दी किंवा ताप असेल तर आकडा कितीही चांगला असो, घर. तुमच्या रेघा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, माझ्या उतरवू नका.

या महिन्यात फरक पडला तो वॉर्म-अपमुळे. पूर्वी मी आपली हातपाय झटकून सुटायचे. आता १० मिनिटं चाल, मग २० सेकंद जरा जोरात नि मिनिटभर हळू, असं सहा वेळा. त्यानंतर ५ मिनिटं चालून मग खरी धाव. नळ्या एकदा थोड्या आवळून सुटल्या की पुढचा तास-दोन तास बऱ्याच जणांत त्या तितक्या आवळत नाहीत, त्याचा हा फायदा. सगळ्यांना मिळत नाही म्हणतात. मला मिळतो असं ११ दिवसांच्या आकड्यांवरून वाटतं: सप्टेंबरात धावेनंतर १० मिनिटांनी ४०-५० ने खाली यायचे, या महिन्यात २०-३० ने.

पंपाचंही बदललं. आधी प्रत्येक धावेच्या आधी निळा पंप, म्हणजे सॅल्बुटॅमॉल, १५ मिनिटं अगोदर दोन पफ. रोज रोज असा घेतला तर त्याचं संरक्षण हळूहळू कमी होत जातं, शिवाय आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच आहे. आता माझ्या डॉक्टरांनी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि नळ्या उघडणारं औषध एकत्र) एकच पंप दिलाय: सकाळ-संध्याकाळचा तोच, धावण्याआधीचा तोच, दम लागला तरी तोच. दिवसाला जास्तीत जास्त किती ते कागदावर लिहिलेलं आहे आणि त्या कागदाचा फोटो आमच्या ह्यांच्या फोनमध्ये आहे. पंप कमरेच्या पट्ट्यात, स्पेसर पाठीवरच्या पिशवीत. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटतं. आणि घेतल्यावर चूळ भरायची. विसरले की तोंड येतं, मग कढीसुद्धा झोंबते.

हातावरचं घड्याळ मी काढून ठेवलंय. पंपाने नाडी आपोआप वाढते, मग घड्याळ सांगतं तुम्ही फार जोरात पळताय, आणि मी असते उभी. त्याऐवजी तेराचा पाढा. धावता धावता मोठ्याने म्हणायचा. तीन-तीन टप्पे एका श्वासात निघाले तर ठीक. "तेरा साते एक्याण्णव" म्हणताना एक्याण्णव तुटलं की चालायला लागायचं. सकाळच्या फिरायला येणाऱ्या मंडळींना मी कुठल्यातरी शाळेतली बाई वाटते.

व्यायाम म्हणजे फक्त धावणं नाही, हे माझ्या मांड्यांनी मला शिकवलं. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोनचे कोर्स झाले की स्नायू झिजतात, हाडंही पातळ होतात. म्हणून घरी बसलेल्या ११ दिवसांपैकी ६ दिवस खुर्चीवरून उठबस केली, १० च्या तीन फेऱ्या, आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. यात दम जवळजवळ लागत नाही, कारण मधे मधे थांबता येतं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू.

गुडघा दुखला तेव्हा मैत्रिणीने पर्समधली वेदनाशामक गोळी पुढे केली. घेतली नाही. दम्याच्या काही लोकांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी झटका येतो आणि त्या काहींत मी आहे. धावणारे लोक या गोळ्या एकमेकांना लिमलेटसारख्या देतात, म्हणून लिहिलं.

२१० चा दिवस नरकचतुर्दशीचा. दरवर्षी हेच. पुतण्या आदल्या दिवशी बोलवायला आला, "काकी, नरकासुराचं डोकं मी केलंय, बघायला ये ना." दुपारीच मास्क लावून गेले, डोकं खरंच झकास झालं होतं, दात थर्माकोलचे. रात्रभर गाणी आणि पहाटे फटाक्यांसकट नरकासुराच्या पुतळ्याचं दहन, तेव्हा मी मागच्या खोलीत, दाराच्या फटीत ओला टॉवेल. तरी सकाळी २१०. कागदाप्रमाणे पंप वाढवला, चौथ्या दिवशी २९० वर आले. ते चार दिवस 'घरी' या रकान्यात आहेत.

कुणीतरी परत मला ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण पाठवलं. दमा असून २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन, तो महिलांचा जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला. खरं आहे, थोर बाई. पण मला हेवा वाटतो तो तिच्या वेळेचा नव्हे, तिच्या पीक फ्लोचा.

३० ऑक्टोबर. सकाळी ३३५. पावणेसहाला निघाले, वॉर्म-अप, मग धाव. पाढा शेवटपर्यंत गेला, दोनदा. पाटोचे दिवे दिसत होते, उरलेलं अंतर पाय धावू शकले असते. १.८ ला डावीकडे मिठागरांच्या बांधाजवळ कुणीतरी पातेरा पेटवलेला दिसला, धूर आडवा रस्त्यावर येत होता. फिरले.

परतीच्या वाटेवर कठड्यापाशी गरी टाकून बसणारा एक म्हातारा रोज असतो. मी मीटर फुंकत असले की फुगा अजून फुगला नाही का म्हणून कोकणीत विचारतो. आज ५ मिनिटांनी ३१५, १० मिनिटांनी ३१०. त्याला दोन काळुंद्रं (खाडीतले मासे) मिळाली होती, ती दाखवली. १५ मिनिटांनी ३२०.