ओट्यावरचा जड सोबती
फोंड्याच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याचा एक कोपरा स्टँड मिक्सरने, म्हणजे पीठ मळणाऱ्या व मिश्रण फेसणाऱ्या यंत्राने, कायमचा व्यापला आहे, कारण एवढे वजनदार यंत्र रोज उचलून कपाटात ठेवणे कोणालाच झेपणारे नाही. मुळात बेकऱ्यांसाठी बनलेल्या या यंत्राची घरगुती आवृत्ती अमेरिकेत १९१९ मध्ये किचनएड या नावाने आली. त्यातील पाते स्वतःभोवती फिरता फिरता भांड्यातही गोल फिरते, त्यामुळे भांडे न हलवता पीठ सर्व बाजूंनी मिसळले जाते.

खरा कस लागतो तो पोईच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंडा असलेल्या पावाच्या, पिठात. घट्ट पीठ मळताना आकडा (पीठ मळायचे हुकासारखे पाते) कमी वेगावरच चालवावा, अन्यथा मोटर तापते आणि घर्षणाने पीठही गरम होते. गोव्याच्या उन्हाळ्यात ते आधीच लवकर फुगते, म्हणून मी थंड पाणी वापरते. बाथ या रवा-खोबऱ्याच्या गोवन केकसाठी मात्र लोणी-साखर फेसण्यापुरतेच यंत्र पुरे. रवा हातानेच मिसळावा, असे माझे ठाम मत आहे. (शेजारच्या काकूंना तर यंत्रच मान्य नाही.)

नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी व्होल्टेज अवश्य पाहावे, कारण अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावता येत नाही.