पिंपरीच्या जीकेएनमधला 'जी'

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी नोकरीला होतं, त्यांना जीकेएन ही अक्षरं नवी नाहीत. मुंबई-पुणे रस्त्यावरची महिंद्रा सिंटर्ड पुढे जीकेएन सिंटर मेटल्स झाली. भांडुपकरांना त्याच गोत्रातलं जुनं नाव आठवेल, गेस्ट कीन विल्यम्स. जीकेएनमधला 'जी' म्हणजेही हेच गेस्ट. ते कोण, हा प्रश्न भारतात असताना मला कधी पडला नव्हता. इथे ब्रिटनमध्ये, वेल्सच्या कार्डिफला राहायला आल्यावर कळलं की त्यांचं गाव गाडीने तासाभरावर आहे.

कार्डिफहून दरीतून वर चढत जाणारी गाडी मर्थर टिडविलला संपते. तिथून बसने आणखी चढण चढलं की डाउलाइस लागतं. वारा सुटलेला, उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, एक सुपरमार्केट. 1845 च्या सुमारास इथे जगातला सर्वांत मोठा लोखंडाचा कारखाना होता हे सांगूनही खरं वाटत नाही. तेव्हा इथे 18 झोतभट्ट्या, म्हणजे खनिजापासून लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या होत्या, 7,300 माणसं कामाला होती आणि वर्षाला 88,400 टन लोखंड निघत होतं. रशियातल्या लोहमार्गांचे रूळ इथून जात.

कारखाना मुळात गेस्टांचा नव्हता. 1759 मध्ये काही भागीदारांनी तो काढला. जॉन गेस्ट हा इंग्लंडमधल्या श्रॉपशायरचा लोखंडकाम जाणणारा माणूस. 1767 मध्ये तो इथे व्यवस्थापक म्हणून आला आणि पुढे भागीदार झाला. जागा इतकी सोन्यासारखी का होती? कारण लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी हे तिन्ही एकाच डोंगरात सापडत होते. त्यात भाडेपट्टा 99 वर्षांचा आणि भाडं वर्षाला जेमतेम तीसेक पौंड. जमीनमालकांच्या पुढच्या पिढ्यांनी तो करार वाचून किती हात चोळले असतील! ती जमीन पुढे ज्यांच्याकडे आली ते ब्यूटचे मार्क्विस म्हणजे कार्डिफच्या गोदीचे आणि किल्ल्याचे धनी. 1848 मध्ये मुदत संपत आली तेव्हा त्यांनी गेस्टांना अगदी शेवटच्या घटकेपर्यंत टांगून ठेवलं. नवा करार न होता तर भट्ट्या विझवून चालतं व्हावं लागलं असतं. झाला, पण भाडं जबर वाढवून.

तोवर सूत्रं जॉनच्या नातवाकडे, जोसाया जॉन गेस्टकडे आली होती. हा मर्थरचा पहिला खासदार, 1832 पासून. त्याच्या आदल्या वर्षी मर्थरमध्ये कामगारांचा उठाव झाला होता. शेजारच्या कवार्थवा कारखान्याच्या क्रॉशे मालकांनी मजुरी कापली, त्यात कर्जवसुलीच्या कोर्टाने घरातलं सामान उचलून न्यायला सुरुवात केली, आणि लोक लाल झेंडा घेऊन रस्त्यावर आले. जमावासमोर उभं राहून समजूत घालणाऱ्यांत गेस्टही होता. समजूत पटली नाही, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून जास्त माणसं मेली. डिक पेंडेरिन नावाच्या तरुण खाणकामगाराला 13 ऑगस्ट 1831 ला कार्डिफमध्ये फाशी दिली. ती जागा म्हणजे आजच्या कार्डिफ मार्केटचं सेंट मेरी स्ट्रीटकडचं तोंड. मासे आणायला मी त्याच दारातून आत जाते. तिथे भिंतीवर पाटी आहे, पण पिशव्या सांभाळत जाणाऱ्यांपैकी ती कोण वाचतं!

खरं तर या घराण्यात मला धरून ठेवलं ते जोसायाच्या बायकोने. लेडी शार्लट ही लिंकनशायरच्या एका अर्लची मुलगी. 1833 मध्ये लग्न झालं तेव्हा ती 21 वर्षांची आणि नवरा 48 चा. उमरावाच्या मुलीने धुराने काळवंडलेल्या गावातल्या कारखानदाराशी लग्न करावं, हे लंडनच्या दिवाणखान्यांना काही रुचलं नाही. तिने इथे येऊन दोन गोष्टी केल्या. एक, कारखान्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार शिकून घेतला. दुसरी, वेल्श भाषा शिकली आणि मॅबिनोगिअन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन वेल्श कथा इंग्रजीत आणल्या. 1838 ते 1849 हा त्या प्रकाशनाचा काळ, आणि याच वर्षांत बहुतेक बाळंतपणं. मुलं एकूण दहा. लहानपणापासून ती रोज डायरीही लिहायची. हे सगळं वाचताना कौतुक वाटतं आणि थोडा रागही येतो, कारण दिवसाचे तास तिलाही आपल्याइतकेच होते. अर्थात हाताखाली नोकर किती होते, तेही मोजायला हवं.

1852 मध्ये नवरा गेला आणि एवढा कारखाना तिच्या हाती आला. दुसऱ्याच वर्षी कोळसा खणणाऱ्यांनी मजुरीवाढीसाठी संप केला. ती नमली नाही. वेल्श कथांवर जीव टाकणारी, कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढणारी बाई मजुरीच्या प्रश्नावर बाकीच्या मालकांइतकीच कडक निघाली. तिच्यावर लिहिणारे हा भाग पटकन उरकतात, पण मला तो टाळता येत नाही. 1849 च्या पटकीत मर्थर परिसरात 1,400 हून अधिक माणसं दगावली. जगाला रूळ पुरवणाऱ्या गावात प्यायला धड पाणी नव्हतं, सांडपाण्याची सोय नव्हती. आणि गेस्ट कुटुंबाने त्याआधीच दूर डॉर्सेटमध्ये कॅनफर्डची हवेली विकत घेतली होती.

त्या हवेलीची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. असिरियाचं उत्खनन करणारा हेन्री लेयार्ड हा शार्लटचा चुलतभाऊ, पुढे तिचा जावईही. त्याने तिकडून पाठवलेल्या कोरीव शिळा कॅनफर्डमध्ये लावल्या होत्या. 1923 मध्ये हवेलीची शाळा झाली. त्यातली एक शिळा रंगाच्या थरांखाली, शाळेच्या खाऊच्या दुकानाच्या भिंतीत तशीच राहून गेली. अखेर कुणा जाणकाराने ती ओळखली आणि 1994 मध्ये लिलावात तिला 77 लाख पौंड मिळाले.

शार्लटने 1855 मध्ये मुलाच्या शिक्षकाशी दुसरं लग्न केलं आणि कारखाना विश्वस्तांवर सोडला. उरलेलं आयुष्य युरोपभर चिनी मातीची भांडी, पंखे आणि पत्ते गोळा करण्यात गेलं. तिचा संग्रह आज लंडनच्या संग्रहालयांत आहे. थोरला मुलगा आयव्हर पुढे लॉर्ड विंबोर्न झाला, नातू आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट. दरबारात शिरकाव झाला, चर्चिलच्या घराण्याशी सोयरीक झाली. पैसा डाउलाइसचा, पण घर डॉर्सेटला, असा हा तीन-चार पिढ्यांचा हिशेब. क्रॉशे निदान डोळ्यांसमोर तरी राहिले. त्यांचा 1825 च्या सुमारास बांधलेला किल्लेवजा वाडा कारखान्याकडे तोंड करून उभा आहे आणि आज तिथे संग्रहालय आहे.

डोंगरातलं खनिज संपत आलं तसं स्पेनमधून, बिल्बाओहून ते आणावं लागू लागलं. मग बंदरापासून एवढ्या चढावर कारखाना कशाला, म्हणून 1891 मध्ये कार्डिफच्या गोदीजवळ नवा उभा राहिला. खनिजामागून स्पॅनिश मजूरही आले. डाउलाइसच्या कडेला अल्फॉन्सो स्ट्रीट नावाची गल्ली वसली. 1900 मध्ये गेस्टांनी कारखाना आर्थर कीनला विकला, 1902 मध्ये नेटलफोल्ड्स ही कंपनी येऊन मिळाली आणि जी, के, एन ही अक्षरं जुळली. डाउलाइसच्या पोलादभट्ट्या 1930 मध्ये थंडावल्या. 1936 मध्ये राजा आठवा एडवर्ड येऊन काहीतरी करायला हवं असं म्हणून गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याने गादी सोडली. आता गावात गेस्टांच्या स्मरणार्थ बांधलेलं जुनं वाचनालय आहे, तबेल्यांची देखणी दर्शनी भिंत आहे आणि लाल विटांचं एक इंजिनघर.

1930 मध्येच गेस्ट कीनचा पोलादधंदा बाल्डविन्स कंपनीशी जोडला गेला आणि त्या जोडकंपनीत वेल्समधल्याच पोर्ट टॅल्बटचा पोलाद कारखानाही होता. पुढे सरकारीकरण झालं, मग ब्रिटिश स्टील, मग कोरस, आणि 2007 पासून टाटा. म्हणून मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर इथले लोक थेट टाटांवरच येतात, जणू बॉम्बे हाउसमध्ये माझा मामा बसतो. 30 सप्टेंबर 2024 ला पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी बंद झाली, आणि टाटांच्या ब्रिटनमधल्या 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं. आता तिथे भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभी राहते आहे. तिला खनिज लागत नाही, कोक लागत नाही आणि माणसंही पूर्वीइतकी लागत नाहीत. ओळखीतल्या एका आजोबांनी मला विचारलं, हे ठरवलं कुणी, मुंबईने की लंडनने? दोघांनी मिळून, म्हटलं. सरकारने त्या भट्टीसाठी 50 कोटी पौंड दिलेत, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.